जंतूच्या विषातून साखरेचे मोजमाप

मधुमेह, म्हणजे आपल्या बोलण्यातली ‘शुगर’, आपल्याला नवी नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हा आजार अनेक वर्षे होता. पायांच्या वेदनांनी ते हैराण होत. त्या काळी घरी साखर पाहायची तर निळ्या बेनेडिक्ट द्रावणात लघवीचे थेंब टाकून ते तापवावे लागे. रंग निळाच राहिला तर साखर नाही. हिरवा, पिवळा, नारिंगी, विटकरी होत गेला तर साखर वाढती. पण रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेल्याशिवाय ती लघवीत उतरत नाही. साखर घसरली तर ही तपासणी काहीच सांगत नाही. इन्सुलिन घेणाऱ्याला तातडीचा धोका असतो तो या घसरणीचाच.

पट्टीपासून कातडीखालच्या सेन्सरपर्यंत

१९६२ साली अमेरिकेत लेलँड क्लार्क आणि चॅम्प लायन्स यांनी साखरेवर क्रिया करणारे विकर (एन्झाइम) आणि विजेचा इलेक्ट्रोड यांची सांगड घालण्याची कल्पना मांडली. आजच्या ग्लुकोमीटरच्या पट्टीत तेच तत्त्व आहे. मात्र बोट टोचून मिळतो तो त्या क्षणाचा आकडा. रात्री दोन वाजता काय झाले, ते कळत नाही.

म्हणून दंडावर चिकटवायचे सेन्सर आले. त्यांचा केसासारखा बारीक तंतू कातडीखाली राहतो आणि पेशींमधल्या पाण्यातली साखर दिवसरात्र मोजतो. हा आकडा रक्ताच्या काही मिनिटे मागे असतो. दर दहा-पंधरा दिवसांनी सेन्सर बदलावा लागतो. २०१८ मध्ये अमेरिकेत दंडाच्या कातडीखाली पूर्ण बसवायच्या सेन्सरला पहिली परवानगी मिळाली. तो तेव्हा ९० दिवस चाले. २०२४ मध्ये वर्षभर चालणाऱ्याला मान्यता मिळाली. अडचण अशी की पायात मोडलेल्या काट्याभोवती शरीर जशी गाठ बांधते, तशी ते सेन्सरभोवतीही भिंत बांधू लागते. ती आवरण्यासाठी सेन्सरवर सूज कमी करणाऱ्या औषधाचे कडे बसवलेले असते.

विष कामाला लावले

काही जंतूंचे विष आपल्या पेशींना भोके पाडते. जखमेत पू करणाऱ्या स्टॅफिलोकोकस जंतूच्या एका विषाचे सात कण गोल जुळतात आणि पेशीच्या पडद्यात नळी तयार होते. पेशीतले क्षार बाहेर पडतात, पेशी मरते.

टायफाईडच्या जंतूजवळही असे एक विष आहे. त्याचे नाव क्लायए. त्याचे बारा कण जुळून नरसाळ्यासारखी नळी बनते. नेदरलँड्समधील ग्रोनिंगेन विद्यापीठातील संशोधकांनी २०१८ मध्ये ही नळी प्रयोगशाळेतल्या पातळ पडद्यात बसवली आणि तिच्यात साखर पकडणारे एक प्रथिन अडकवून ठेवले. साखरेचा कण आला की प्रथिन मिटते, सुटला की उघडते. प्रत्येक वेळी नळीतून वाहणारी वीज किंचित बदलते. त्या बदलांवरून साखर किती ते कळते. रक्ताच्या अगदी सूक्ष्म अंशावर, घामावरही हे जमले.

हे काम अजून प्रयोगशाळेतले आहे. तसा पडदा फार नाजूक असतो. शरीरात महिनोन्‌महिने टिकणारे यंत्र घडवणे ही पुढची पायरी. म्हणून ‘घामावरून अचूक शुगर’ सांगणारे घड्याळ कोणी विकत असेल तर त्यावर विसंबून औषध बदलू नये.

आज आपण काय करावे

महाग सेन्सर यवतमाळ जिल्ह्यातल्या शेतमजुराच्या घरी पोहोचेपर्यंत थांबायचे कारण नाही. साधी तपासणीही जीव वाचवते.

१. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात साखर तपासून घ्यावी. आशाताईंना विचारावे. उपाशीपोटी १२६ किंवा त्याहून जास्त आकडा आला तर पुन्हा तपासणी करून डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

२. घाम, थरथर, घाबरल्यासारखे वाटणे, बरळणे ही साखर घसरल्याची लक्षणे आहेत. आकडा ७० च्या खाली असेल, किंवा मोजायला यंत्र नसेल, तर लगेच तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी. पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहावे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालू नये. थेट दवाखाना गाठावा.

३. पौर्णिमेला उपोसथ पाळणाऱ्यांचे दुपारनंतर जेवण नसते. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराईड घेणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. स्वतःच डोस बंद करू नये.

४. दीक्षाभूमीला किंवा चैत्यभूमीला निघताना औषध, साखरेची पुडी आणि मऊ चपला-बूट जवळ ठेवावेत. गर्दीत जेवणाची वेळ चुकते.

५. पऱ्हाटीच्या शेतात अनवाणी जाऊ नये. शुगरमुळे पाय बधिर होतात, काटा रुतलेला कळत नाही. मग वर सांगितलेले भोके पाडणारे विष त्याच जखमेत काम करते. रोज रात्री तळवे पाहावेत. दिसत नसतील तर आरसा धरावा किंवा घरच्यांना पाहायला सांगावे.

६. उन्हाळ्यात फ्रीज नसेल तर इन्सुलिनची बाटली घट्ट पिशवीत घालून मातीच्या माठात, सावलीत ठेवावी.

जंतूचे विष माणसाच्या उपयोगी आणण्याचे काम शास्त्रज्ञ करत आहेत. आपल्या हातात आज जे आहे ते आपण करू: साखर मोजू आणि तो आकडा वहीत लिहून ठेवू. पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना ती वही सोबत न्यावी.