स्वयंपाक्याची सुरी आणि पोलिसांची तपासणी

प्रश्न : मी हैदराबादला काचीगुड्याजवळ राहतो, लग्नकार्यांत स्वयंपाक करतो. सुऱ्यांची पिशवी रात्री स्कूटरवरून नेतो. स्वसंरक्षणासाठी एक खटक्याचा चाकूही ठेवू का?

उत्तर : दोन्ही गोष्टी एका मापाने मोजू नका. इंग्लंडमध्ये 1953 च्या कायद्यानुसार शस्त्र बाळगणाऱ्याला ‘वाजवी कारण’ सिद्ध करावे लागते. आपल्या 1959 च्या शस्त्र अधिनियमात असा सरसकट बचाव नाही. आपल्याकडे आधी पाहतात ती वस्तू कशासाठी बनवली आहे हे. केवळ घरगुती किंवा शेतीच्या वापरासाठी बनवलेली वस्तू ‘शस्त्र’ ठरत नाही. 2016 च्या नियमांत 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्याच्या सुऱ्या येतात, पण घरगुती, शेती, शास्त्रीय वा औद्योगिक कामाच्या सुऱ्या त्यातून वगळल्या आहेत. तेव्हा तुमची पिशवी सुरक्षित. मात्र सुऱ्या गुंडाळलेल्या असाव्यात आणि कामाची चिठ्ठी किंवा यजमानाचा फोन नंबर जवळ असावा.

खटक्याचा चाकू मात्र नको, हे माझे स्पष्ट मत. भारतीय न्याय संहितेतला स्वसंरक्षणाचा हक्क हल्ल्याच्या वेळचा आहे. रोज खिशात शस्त्र बाळगण्याचा तो परवाना नव्हे. शिवाय गणेश विसर्जन, मोहरमसारख्या दिवसांत शहरात पोलीस आयुक्तांचे मनाई आदेश निघू शकतात आणि त्यांत लाठीही अडकू शकते. अशा दिवशी काम असेल, तर आदेश आधी वाचा.