न दुखणाऱ्या गुडघ्याबद्दल

चि. ओंकार,


काल कुपवाडच्या काकूंचा फोन आला होता. परवाच्या कबड्डीच्या सामन्याआधी तू गुडघ्यात इंजेक्शन टोचून घेतलंस आणि चढाईला उतरलास, असं त्यांच्या कानावर आलंय. दादा-वहिनींना पत्ताही नाही म्हणे. खोटं असेल तर देवापुढे साखर ठेवीन. खरं असेल तर मला तुझा फार राग आलाय. लिगामेंटचं ऑपरेशन होऊन 5 महिने झाले नाहीत. 9 महिन्यांआधी मैदान नाही, हे तुझ्यासमोरच ठरलं होतं ना?

‘आता दुखत नाही’ असं सगळ्यांना सांगतोस. अरे, त्या न दुखण्याचीच मला धास्ती वाटते. हाडांच्या टोकांवरच्या कूर्चेत ना रक्तवाहिन्या, ना मज्जातंतू. ती झिजताना तुला कळणार कसं? दुखतं ते खालचं हाड आणि सांध्याचं अस्तर, आणि तेही बऱ्याचदा फार उशिरा.

कूर्चेचा सगळा भरवसा तिच्यातल्या कोलॅजनच्या जाळ्यावर. अणुचाचण्यांमुळे हवेत वाढलेल्या किरणोत्सारी कार्बनचा माग घेऊन डेन्मार्कच्या संशोधकांनी 2016 साली दाखवलं, की गुडघ्यातलं हे कोलॅजन वाढीच्या वयात तयार होतं आणि पुढे जवळजवळ बदलतच नाही. म्हणजे तुझ्या वाट्याचं तुला मिळून झालंय. इजा हाडापर्यंत गेली तर शरीर ती जागा भरतं, पण व्रणात असतं तसल्या, दुसऱ्या जातीच्या कोलॅजननं. पैठणीला गोणपाटाचं ठिगळ! अस्तर सुजत राहिलं तर तिथेही तंतू साठतात, सांधा आखडतो आणि भार भलत्याच जागी पडायला लागतो. आपल्या अण्णांचा उजवा पाय शेवटपर्यंत सरळ झाला नाही, ते तू पाहिलंयस. त्यांचं साठीनंतर सुरू झालं. तुझ्यासारखी इजा झालेल्यांपैकी जवळपास निम्म्या लोकांना 10 ते 20 वर्षांत गुडघ्याची झीज गाठते. तेव्हा तुझी पोरं शाळेत असतील.

आणि त्या इंजेक्शनात काय होतं, ते विचारलंस तरी का? संधिवाताच्या रुग्णांना 2 वर्षं दर 3 महिन्यांनी गुडघ्यात स्टेरॉइड दिलं, तेव्हा नुसतं सलाईन टोचलेल्यांपेक्षा त्यांची कूर्चा जास्त झिजली. अमेरिकेतला 2017 सालचा अभ्यास आहे. पण तुला तेवढंच हवं होतं, दुखायचं थांबलं की झालं!

रागावते, पण मैदान सुटण्याचं दुःख मला परकं नाही रे. लग्न ठरलं आणि माझा खो-खो सुटला. संध्याकाळी मैदानावरून शिट्टी ऐकू आली की मी आत जाऊन बसायची. कुणापाशी बोलले नाही, ते अजून सलतं. तुझं तसं व्हायला नको, म्हणून तर लिहिलं. खेळ कायमचा सोड असं मी म्हणतच नाही. हालचालीतूनच कूर्चेचं पोषण होतं, तेव्हा पडून राहू नकोस. सायकल चालव, मांडीचे स्नायू कमाव, फिजिओथेरपी चुकवू नकोस. चढाई तेवढी थांबव.

संघातली जागा जाईल ही भीती असेल, तर दादाशी मी बोलते. तो तुला एक शब्द बोलणार नाही, ते माझ्याकडे लागलं. रात्री डोक्यात नाही नाही ते आलं तर खुशाल फोन कर, मी जागीच असते. रविवारी ये. रिपोर्ट आण. नाही आणलेस तरी ये. धपाटे करते, आणि तुला आवडतो तो लसणाचा ठेचाही.

तुझी,
आत्या