प्रौढ माणूस कॅथलिक होतो कसा? : धर्मांतराच्या तयारीचा एक अभ्यास



"तुम्ही धर्म बदललात म्हणजे नेमके काय केलेत?" हा प्रश्न नवदीक्षित कुटुंबाला शेजारीपाजारी विचारतात, आणि पुढे घरातली मुलेही विचारू लागतात. त्याचे उत्तर देता यावे म्हणून इतर धर्मांत बाहेरचा माणूस कसा घेतला जातो, हेही आपल्याला ठाऊक असावे. आजच्या पाठात आपण कॅथलिक ख्रिस्ती पंथाची पद्धत पाहू. देव आणि देवाचा पुत्र यांवरील श्रद्धा हा त्या धर्माचा पाया आहे. आपला मार्ग वेगळा आहे. तरीही माणसाचे मन आणि आचरण बदलण्यासाठी त्यांनी काय व्यवस्था केली, हे समजून घेण्यासारखे आहे.

वसई, मुंबई, गोवा या भागांत कॅथलिक कुटुंबे आहेत. त्यांच्या तान्ह्या मुलांना बाप्तिस्मा दिला जातो, हे पुष्कळांनी पाहिले असेल. त्यावरून असा समज होतो की, डोक्यावर पाणी ओतले की माणूस ख्रिस्ती झाला. प्रौढ माणसाच्या बाबतीत हा समज चुकीचा आहे. त्या पाण्यापर्यंत पोचायला त्याला कित्येक महिने, कधी काही वर्षे लागतात.

जुना नियम

ही पद्धत फार जुनी आहे. इसवी सनाच्या पहिल्या तीन शतकांत रोमन साम्राज्यात ख्रिस्ती होणे धोक्याचे होते. 'अपोस्टोलिक ट्रॅडिशन' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्राचीन ग्रंथात तेव्हाचे नियम सापडतात. नव्या माणसाला जो घेऊन येई, त्यालाच आधी त्याच्याविषयी विचारत. मग त्याचा धंदा विचारत. मूर्ती घडवणारा असेल किंवा आखाड्यात माणसे मारण्याचे खेळ करणारा असेल, तर तो धंदा सोडावा लागे. त्यानंतर तीन वर्षे शिकवण ऐकायची. पण एखादा मन लावून वागत असेल तर काळ मोजू नये, वागणूक पाहावी, असेही त्यात म्हटले आहे. बाप्तिस्म्यापूर्वी पुन्हा चौकशी होई : याने विधवांचा मान राखला का? आजाऱ्यांची विचारपूस केली का?

हे नियम चांगले आहेत. परंतु त्याच ग्रंथातील आणखी एक नियम आपल्या नजरेतून सुटता कामा नये. येणारा माणूस ख्रिस्ती मालकाचा गुलाम असेल, तर मालकाची परवानगी लागे, आणि मालकाने चांगली साक्ष दिली नाही तर त्याला परत पाठवत. गुलामाची वागणूक तपासली जाई. त्याला गुलाम म्हणून राबवणाऱ्या मालकाला मात्र ती गुलामगिरी सोडायला कोणी सांगत नसे.

तयारी मागे पडली

चौथ्या शतकात ख्रिस्ती धर्माला राजाश्रय मिळाला. लोक गर्दीने येऊ लागले, पुढे तान्ह्या मुलांचा बाप्तिस्मा सर्रास झाला आणि प्रौढांची दीर्घ तयारी मागे पडली. आठव्या शतकाच्या अखेरीस शार्लमेन राजाने जिंकलेल्या सॅक्सन लोकांना बळजबरीने बाप्तिस्मा घ्यायला लावला. श्रद्धा ही स्वेच्छेची गोष्ट आहे, ती लादता येत नाही, असे त्याच्याच पदरच्या अल्क्विन या विद्वानाला लिहावे लागले.

आपल्याकडेही हेच दिसते. फ्रान्सिस झेव्हियर १५४२ साली गोव्यात आला. १५४४ साली दक्षिणेत त्रावणकोरच्या किनाऱ्यावर एका महिन्यात दहा हजारांवर लोकांना आपण बाप्तिस्मा दिल्याचे त्याने स्वतःच पत्रात लिहिले आहे. एका महिन्यात एवढ्या लोकांना कितीसे शिकवता येणार? गोव्यातही अनेकांचे शिक्षण बाप्तिस्म्यानंतरच व्हायचे होते. जुनी पुराणे सुटली, त्यांच्या जागी वाचायला काय? ही उणीव ओळखून फादर थॉमस स्टीफन्स यांनी मराठी ओव्यांत 'ख्रिस्तपुराण' रचले. ते १६१६ साली राशोल येथे छापले गेले. ग्रंथ मोलाचा खरा; पण पाणी आधी आणि समज नंतर, असा तो क्रम होता.

पुन्हा जुन्या वाटेवर

एकोणिसाव्या शतकात आफ्रिकेत काम करणाऱ्या 'व्हाइट फादर्स' संघाचे संस्थापक कार्डिनल लाव्हिजरी यांनी हा क्रम उलटवला. बाप्तिस्म्यापूर्वी सुमारे चार वर्षांची तयारी हवी, असा दंडक त्यांनी घातला. युगांडात हे धर्मगुरू १८७९ साली पोचले. तिथल्या राजाने ख्रिस्ती सेवकांना ठार मारायला सुरुवात केली, तेव्हा त्यांत शिकाऊ तरुणही होते. किझिटो नावाच्या कोवळ्या मुलाला त्याचा साथी चार्ल्स ल्वांगा याने पकडले जाण्याच्या सुमारास घाईने बाप्तिस्मा दिला. ३ जून १८८६ रोजी नामुगोंगो येथे ते जिवंत जाळले गेले. बाप्तिस्म्याचे पाणी उशिरा मिळाले म्हणून त्यांची निष्ठा कच्ची राहिली नव्हती.

पुढे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली ही पायरीपायरीची दीक्षा सर्वत्र पुन्हा सुरू करण्याचे ठरवले, आणि १९७२ साली तिचा विधिग्रंथ रोमहून निघाला.

आजच्या पायऱ्या

पहिली पायरी चौकशीची. माणूस येतो, प्रश्न विचारतो, ऐकतो. त्याच्यावर कसलेही बंधन नसते.

दुसरी पायरी स्वीकाराची. चर्चच्या दाराशी त्याला नाव विचारतात, काय हवे ते विचारतात आणि त्याच्या कपाळावर क्रुसाची खूण करतात. तेव्हापासून तो दीक्षार्थी. बाप्तिस्म्याआधी मरण आले तरी त्याला ख्रिस्ती रीतीने मूठमाती मिळते.

तिसरी पायरी शिक्षणाची, आणि तीच सर्वांत लांब. रविवारी शास्त्रवाचन आणि प्रवचन झाले की दीक्षार्थींना पुढील विधीआधी निरोप देतात. ते वेगळे बसून ऐकलेल्यावर विचार करतात. धर्मग्रामातला एक जण सोबती म्हणून त्यांच्याबरोबर असतो. नव्याने वळलेल्या माणसाला आप्तांपासून तुटण्याचे दुःख सोसावे लागते, हेही विधिग्रंथाने ओळखले आहे. ते दुःख काय असते, हे तुम्हाला सांगायला नको.

चौथी पायरी निवडीची. ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांच्या प्रायश्चित्तकाळात पहिल्या रविवारी बहुधा बिशपांसमोर हा विधी होतो. सोबती आणि धर्ममातापिता साक्ष देतात की याने ऐकले, आणि ऐकले तसे वागायला लागला. मग त्याचे नाव वहीत लिहिले जाते. पुढे तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या रविवारी आत्मपरीक्षणाचे विधी होतात.

पाचवी पायरी ईस्टरच्या रात्रीची. दीक्षार्थी वाईटाचा त्याग जाहीरपणे बोलून दाखवतो, श्रद्धेविषयीच्या तीन प्रश्नांना होकार देतो, आणि मग बाप्तिस्मा. त्यानंतर शुभ्र वस्त्र, पेटलेली मेणबत्ती, दृढीकरणाचा विधी आणि पहिला परमप्रसाद.

पण इथेही काम संपत नाही. पुढचे पन्नास दिवस नवदीक्षितांना वेगळी शिकवण असते. जे केले त्याचा अर्थ काय, हे तेव्हा उलगडून सांगतात. १९८३ च्या धर्मसंहितेतही स्पष्ट म्हटले आहे की प्रौढाची स्वतःची इच्छा, पुरेसे शिक्षण आणि आचरणाची कसोटी यांशिवाय बाप्तिस्मा देऊ नये, आणि कोणावरही बळजबरी करू नये.

यातून काय घ्यावे?

तीन गोष्टी घेण्यासारख्या आहेत : वेळ देणे, समाजाची साक्ष घेणे आणि दीक्षेनंतरही शिकवत राहणे.

मात्र चौथी गोष्ट ओळखून सावध राहिले पाहिजे. इतकी बांधीव पद्धत असूनही भारतातील चर्चमधून जात गेली नाही. दलित ख्रिस्ती बांधवांनी वेगळ्या बसण्याच्या जागा आणि वेगळ्या दफनभूमी अनुभवल्या. भारतातील कॅथलिक बिशपांच्या परिषदेने २०१६ साली दलितांविषयीचे धोरण काढले, त्यात चर्चमधील हा भेदभाव मान्य केला. असे का झाले? तयारी जे विचारते तेवढेच माणूस सोडतो. गुलामाला विचारले, मालकाला विचारले नाही. पापाविषयी विचारले, जातीविषयी विचारले नाही. ज्या प्रश्नाला वगळले, तो दोष माणसाबरोबर चर्चच्या आत आला.

बाबासाहेबांनी १९३५ साली येवल्याला धर्मांतराची घोषणा केली आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला दीक्षा दिली. मध्ये एकवीस वर्षे गेली. दीक्षा देताना त्यांनी बावीस प्रतिज्ञा दिल्या, आणि माणसामाणसांतील समता त्या प्रतिज्ञांतच घातली. म्हणजे जो प्रश्न इतरांनी विचारायचे टाळले, तो त्यांनी आरंभीच विचारला. पण दीक्षेला दोन महिनेही झाले नाहीत तोच ते आपल्यातून गेले. दीक्षेनंतरची शिकवण आता प्रत्येक घराने आणि प्रत्येक विहाराने द्यायची आहे.

म्हणून या पंधरवड्यात घरातील सर्वांनी एकत्र बसून पुढील प्रश्नांवर बोलावे :

१. बावीस प्रतिज्ञांपैकी कोणती आपल्या घरात अजून पाळली जात नाही?

२. मुलामुलींचे लग्न ठरवताना आपण पोटजात विचारतो का? विचारत असू, तर आपण काय सोडले?

३. आपल्या वागण्यात फरक पडला, अशी साक्ष शेजारी देईल का?

४. नव्याने दीक्षा घेणाऱ्या एका कुटुंबाचा सोबती होण्यास आपण तयार आहोत का?