फळ्यावरचा आकडा आणि रिकामी जागा



आपल्या वर्गाच्या फळ्यावर कोपऱ्यात रोज सकाळी तीन शब्द लिहितात: पट, हजर, गैरहजर. मॉनिटर आकडे भरतो आणि संध्याकाळपर्यंत कोणी तिकडे बघत नाही. हे आकडे पुढे कुठे जातात आणि त्यांचा उपयोग कसा करून घ्यायचा, ते या पाठात पाहू.

डॅशबोर्ड म्हणजे काय?

पूर्वी घोडागाडीच्या पुढच्या बाजूला एक फळी असे. घोड्याच्या टापांनी उडणारा चिखल अंगावर येऊ नये म्हणून ती लावत. तिला डॅशबोर्ड म्हणत. पुढे मोटारी आल्या. चालकासमोर वेग आणि पेट्रोल दाखवणारे काटे आले, पण नाव तेच राहिले. आता संगणकाच्या पडद्यावर सगळे आकडे एका नजरेत दाखवणारे पान असते, त्यालाही डॅशबोर्डच म्हणतात. आपल्यातल्या पुष्कळांचे वडील चाकणच्या औद्योगिक वसाहतीत कामाला आहेत. कंपनीतही फलक असतो. आज किती नग काढायचे आणि किती निघाले, ते त्यावर दिसते. म्हणजे ही वस्तू महाळुंग्याला नवी नाही.

शाळेचे आकडे कुठे जातात?

बाई हजेरीपत्रक भरतात. दाखल झालेल्या प्रत्येक मुलाची नोंद जनरल रजिस्टरात असते. आता हीच माहिती संगणकावरही भरावी लागते. महाराष्ट्रात २०१५ साली त्यासाठी ‘सरल’ ही प्रणाली सुरू झाली. देशभरातील शाळांची माहिती ‘यू-डायस प्लस’मध्ये जाते. तिथे प्रत्येक शाळेला अकरा अंकी क्रमांक असतो. २०२२-२३ पासून तिथे प्रत्येक विद्यार्थ्याची वेगळी नोंद ठेवतात. आपण वर्गात जे खरेखोटे लिहू, तेच वर अधिकाऱ्यांना पडद्यावर दिसते. गैरहजर मुलाला हजर लावले, तर काटाच खोटा झाला. टाकी रिकामी आणि काटा भरलेला, अशी गाडी वाटेतच बंद पडायची.

टक्केवारी काय लपवते?

गणिताच्या तासाला बाईंनी एक उदाहरण घातले. समजा, दोन वर्ग आहेत. दोन्हींचा पट ४०. सोमवार ते शनिवार दोन्ही वर्गांत रोज ३६ मुले हजर. म्हणजे उपस्थिती ९० टक्के. आम्ही सगळे म्हणालो, “दोन्ही वर्ग सारखेच!”

बाई म्हणाल्या, “आता नावे बघा.” पहिल्या वर्गात रोज वेगवेगळी चार मुले घरी राहिली. सहा दिवसांत २४ मुलांचा एकेक दिवस बुडाला. कोणाला ताप, कोणाच्या घरी लग्न. दुसऱ्या वर्गात सहाही दिवस तीच चार मुले आली नाहीत. तिथेही २४ गैरहजेऱ्याच, टक्केवारीही तीच. पण पहिल्या वर्गाची काळजी नाही. दुसऱ्या वर्गातली चार मुले शाळेपासून तुटत चालली आहेत, आणि डॅशबोर्डवर दोन्ही वर्ग सारखेच दिसतात.

आमच्या वर्गात काय दिसले?

मग आम्ही आमच्याच वर्गाची सहा दिवसांची हजेरी मोठ्या कागदावर मांडली. आडवे वार, उभी नावे. दोन गोष्टी दिसल्या. एक, गुरुवारी हजेरी सगळ्यांत कमी. कारण लगेच कळले. इथल्या बऱ्याच कंपन्यांना गुरुवारी सुट्टी असते. वडील घरी, मग मुलेही घरी.

दुसरी गोष्ट म्हणजे एका मैत्रिणीच्या नावापुढे सहाही चौकोन रिकामे होते. आम्हाला वाटले, गावाला गेली असेल. मधल्या सुट्टीनंतर बाई दोघींना घेऊन तिच्या खोलीवर गेल्या. ती घरीच होती, कडेवर तीन वर्षांचा भाऊ. आईला सकाळच्या पाळीचे काम लागले होते, भावाला बघायला कोणी नव्हते. बाई आईशी बोलल्या. आता भाऊ अंगणवाडीत जातो, सुटल्यावर शेजारच्या आजी त्याला सांभाळतात. ती रोज शाळेत येते. तिची जागा माझ्या शेजारीच आहे.

हे काम आकड्याने केले नाही. आकडा फक्त बोट दाखवतो, चालत जावे लागते माणसालाच.

लक्षात ठेवा

१. आधी आकडा खरा भरा.
२. एका दिवसावरून ठरवू नका, आठवडा आणि महिना बघा.
३. टक्केवारीनंतर नावे बघा आणि “का?” असे विचारा.
४. कच्च्या मुलांची नावे भिंतीवर लावू नका. फलक मदतीसाठी आहे, लाजवण्यासाठी नाही.

पालकांसाठी

शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात. बैठकीत मुख्याध्यापकांना नुसती टक्केवारी विचारू नका. महिन्यात जास्त दिवस गैरहजर राहिलेली मुले किती, आणि त्यांच्या घरी कोण जाऊन आले, हे विचारा. ठेकेदार बदलला की पुष्कळ कुटुंबे दुसरीकडे राहायला जातात. अशा वेळी शाळेला कळवून जा. जुन्या शाळेचा दाखला मिळायला उशीर झाला, तरी त्या कारणाने नव्या शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्यातच तसे आहे.

स्वाध्याय

१. पट ३०, हजर २७. उपस्थिती किती टक्के?
२. आपल्या वर्गात कोणत्या वारी हजेरी कमी असते? कारण शोधा.
३. आज तुमच्या शेजारची जागा रिकामी आहे का? शाळा सुटल्यावर घरी जाऊन विचारून या.