ड्रॉइंगवरचा मजकूर मॉडेलशी जोडा
कॅड शिकणाऱ्या तरुणांसाठी एक उपयुक्त धडा

मिरकरवाडा हे रत्नागिरी शहराला लागून असलेले मोठे मासेमारी बंदर. मासेमारी नौका म्हटली की तिच्यामागे डिझेल, बर्फ आणि जाळ्यांबरोबर लेथ, वेल्डिंग व इंजिनदुरुस्तीचा धंदाही आलाच. जुना भाग टर्नरच्या हाती देऊन "असाच करून द्या" म्हणण्याची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. परंतु इंजिन बदलले, नौका लांबली किंवा काम बाहेरगावच्या कारखान्याकडे द्यायचे झाले, की कागदावरचे ड्रॉइंग लागते. आयटीआय किंवा पॉलिटेक्निकमध्ये कॅड शिकलेल्या तरुणाला घराजवळ धंदा उभा करण्याची संधी येथे आहे. मात्र त्याने दिलेला कागद भरवशाचा हवा.

ड्रॉइंगमध्ये दोन प्रकारची माहिती असते. आकृती व तिची मापे संगणकातील मॉडेलवरून येतात. भागाचे नाव, क्रमांक, धातू, वजन आणि बाजूच्या सूचना हा मजकूर मात्र बहुतेक जण हाताने टाइप करतात. मॉडेल बदलले की आकृती बदलते, टाइप केलेला मजकूर तसाच राहतो. मग एकाच कागदावर दोन वेगवेगळी विधाने दिसतात.

उदाहरण घेऊ. एका नौकेच्या पंख्याचा शाफ्ट ५० मि.मी. व्यासाचा आणि अडीच मीटर लांबीचा आहे. मालकाने मोठे इंजिन बसवायचे ठरवले, म्हणून मॉडेलमध्ये व्यास ५५ केला. आकृतीवर ५५ आले, पण खालच्या सूचनेत "५० मि.मी. स्टेनलेस सळई" हेच शब्द राहिले. टर्नरने सूचना वाचून ५० ची सळई लावली आणि बुश मात्र ५५ ला बोअर केला, तर नुकसान कोणाचे? लेथवर उतरलेला चुरा परत चढवता येत नाही. त्यात दुरुस्तीचे दिवस मोजके. २०२५ साली पश्चिम किनाऱ्यावर केंद्र सरकारची मासेमारी बंदी १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची होती. नौका किनाऱ्यावर असते ती एवढ्याच काळात. एक शाफ्ट दुसऱ्यांदा करावा लागला, तर हंगामाचे पहिले दिवस हातचे जातात आणि खलाशांची कमाईही बुडते.

उपाय काय?

नियम एकच: प्रत्येक माहिती एकाच जागी लिहावी, बाकी सर्व ठिकाणी ती तेथून घ्यावी. ती जागा म्हणजे मॉडेल. कॅड सॉफ्टवेअरमध्ये मॉडेलच्या फाइलला गुणधर्मांचा एक तक्ता जोडलेला असतो. ड्रॉइंगवरील मजकूर या तक्त्याशी जोडला, की तक्त्यात झालेला बदल कागदावर आपोआप उतरतो.

सॉलिडवर्क्समधील कृती अशी आहे:

१) भागाचे मॉडेल उघडा. फाइल मेनूतील प्रॉपर्टीजमध्ये जाऊन कस्टम हा तक्ता घ्या. त्यात नाव, क्रमांक, धातू, वजन अशा ओळी तयार करा.

२) धातू आणि वजन टाइप करू नका. किमतीच्या रकान्यातील यादीतून मटेरियल व मास निवडा. व्यासासाठी तो रकाना निवडून मॉडेलवरील व्यासाच्या मापावर क्लिक करा. शेजारच्या रकान्यात प्रत्यक्ष आकडा दिसेल.

३) ड्रॉइंगमध्ये नोट घ्या आणि लिंक टू प्रॉपर्टी हे चिन्ह दाबा. येथे माहिती चालू ड्रॉइंगच्या फाइलमधून घ्यायची की मॉडेलमधून, असे विचारले जाते. आपल्याला मॉडेल हवे. नवशिक्यांची गफलत बहुधा येथेच होते. ड्रॉइंगची फाइल निवडली, तर तिचा तक्ता रिकामा असल्यामुळे मजकूरही रिकामा येतो.

४) टायटल ब्लॉकमधील ओळीही अशाच जोडा आणि शीट फॉरमॅट जतन करा. पुढच्या प्रत्येक ड्रॉइंगमध्ये नाव, क्रमांक आणि धातू आपोआप भरले जातील. मात्र गुणधर्मांची नावे सर्व मॉडेलमध्ये अक्षरशः सारखी ठेवा. एका ठिकाणी "धातू" आणि दुसरीकडे "मटेरियल" असे लिहिले, तर संगणकाच्या लेखी त्या दोन वेगळ्या गोष्टी होतात.

एकाच शाफ्टचे तीन नौकांसाठी तीन नमुने करायचे असतील, तर तीन फाइली नकोत. एकाच मॉडेलमध्ये तीन कॉन्फिगरेशन करा. तिन्हींना समान असलेली माहिती कस्टम तक्त्यात लिहा. लांबी व क्रमांक यांसारखी वेगळी माहिती त्या त्या कॉन्फिगरेशनच्या तक्त्यात लिहा.

इन्व्हेंटरमध्ये हेच काम आयप्रॉपर्टीजच्या साहाय्याने होते. ऑटोकॅडमध्ये २००५ च्या आवृत्तीपासून फील्डची सोय आहे. सॉफ्टवेअर कोणतेही असो, तत्त्व बदलत नाही.

जोडणीनंतरची सावधगिरी

जोडलेला मजकूर बरोबरच असेल, असे समजू नये. मॉडेलमध्ये जे चुकले, ते आता अधिक वेगाने कागदावर येईल. वजनाचेच पाहा. मॉडेलला धातू नेमून दिला नाही, तर सॉलिडवर्क्स त्याची घनता पाण्याइतकी, म्हणजे घनमीटरला १,००० किलो धरते. आपल्या ५० मि.मी.च्या शाफ्टचे वजन मग अवघे ४.९ किलो दिसेल. स्टेनलेस ३०४ ची घनता सुमारे ८,००० आहे, म्हणून खरे वजन ३९ किलोंच्या आसपास भरते. व्यास ५५ केला तर ते साडेसत्तेचाळीस किलोंवर जाते. सळईची किंमत किलोवर ठरते, तेव्हा चुकीच्या वजनावर कोटेशन दिले तर घाटा आपल्याच पदरी येईल.

दुसरी गोष्ट, आकृतीवरील मापाचा आकडा पुसून त्या जागी हाताने आकडा टाइप करू नये. ते माप मॉडेलपासून तुटते आणि तुटल्याचे कागद पाहून कळत नाही.

तिसरी गोष्ट छापील कागदाची. लेथजवळ टांगलेली प्रत किंवा व्हॉट्सॲपवर पाठवलेली पीडीएफ स्वतःहून बदलत नाही. म्हणून प्रत्येक ड्रॉइंगवर बदलाचा क्रमांक टाका. नवी प्रत देताना जुनी परत घ्या.

"तपासले" या शब्दापुढील सही आणि तारीख मात्र जोडू नका. ती जबाबदारी माणसाची आहे आणि ती माणसाने प्रत्येक वेळी कागद वाचूनच घ्यावी.

जोडणी पक्की आहे की नाही, हे पाहण्याची सोपी परीक्षा आहे. मॉडेलमधील एक माप मुद्दाम बदला, कंट्रोल व बी दाबून मॉडेल नव्याने बांधा आणि ड्रॉइंगवरील प्रत्येक ओळ वाचा. जी ओळ बदलायला हवी होती पण बदलली नाही, ती हाताने लिहिलेली आहे. ती जोडा, माप पूर्ववत करा आणि मगच फाइल गिऱ्हाइकाला द्या. या परीक्षेला पाच मिनिटे पुरतात. तरुणांनी पहिल्या ड्रॉइंगपासूनच ही सवय लावून घ्यावी. टर्नर आपले ड्रॉइंग न विचारता लेथवर लावू लागला, की पुढचे काम आपणहून दाराशी येते.