डफ फोडू नकोस

चि. भाचेबुवा,


तुझ्या आईचा फोन आला होता. पोरगा अभ्यास सोडून रात्रभर त्या सोळा पॅडच्या डबीवर बोटं आपटत बसतो, तुम्हीच समजवा म्हणाली. परीक्षा दे, तेवढ्यापुरता मी तिच्या बाजूचा. बाकीचं मला वेगळंच सांगायचंय.

आपल्या संगमनेरचे अनंत फंदी (१७४४–१८१९) तमाशात डफावर कवनं म्हणत. चौंडीच्या लेकीने, अहिल्याबाईंनी, त्यांना टोकलं आणि डफ फोडून ते कीर्तनाकडे वळले, असं सांगतात. तुझ्या आईच्या मनात तेच आहे. पण पुढे त्यांच्या उपदेशपर फटक्यांत जो ठसका आला, तो डफानेच दिला असं माझं मत. समोरचा फड उठून जाऊ नये म्हणून शब्द कुठे टाकायचा, हे वाद्य हातात असताना कळतं. तेव्हा तू काही फोडू नकोस.

मात्र तू पाठवलेला व्हिडिओ पाहून काळजी वाटली. बोटं भराभर पळतात, टाळ्याही पडतात. पण तुझ्या रॅपर मित्राचा एक शब्द कळेल तर शपथ! फडातला जाणता ढोलकीवाला लावणीच्या आधी मनसोक्त वाजवून घेतो. गाणारीने तोंड उघडलं की तो खाली येतो, आणि ओळ संपली की नेमकी थाप देतो. कुठे गप्प बसायचं हे त्याला ठाऊक असतं, म्हणून तर त्याला बिदागी जास्त. तुझी गती ९० ची. चार बारचं लूप पावणेअकरा सेकंदांच्या आत संपून पुन्हा सुरू होतं. तिसऱ्या फेरीला लोकांनी ते ओळखलेलं असतं. तिथे आणखी एक आवाज चढवायचा मोह होतो. त्याऐवजी किक काढून बघ. नुसत्या हाय-हॅटवर मित्राला दोन ओळी म्हणू दे, मग किक परत आण. समोरचे लोक तेव्हाच मान डोलावतील.

जत्रेत वाजवशील तेव्हा लक्षात ठेव, तिथला साउंडवाला डीजेचा असतो. त्याच्या लेखी बेस म्हणजेच संगीत. तुझा ८०८ चा बेस तिथे मित्राची व्यंजनं गिळून टाकेल. आधी जाऊन मित्राला माइकवर बोलायला लाव, स्वतः मैदानाच्या शेवटी उभा राहा आणि ऐक. काहीतरी बंद पडणार हे धरूनच चाल. लॅपटॉप बंद पडला तरी पॅडवर दहा मिनिटं निभावेल एवढी तयारी हवी.

आणि ते क्वांटाइझचं बटण. चुकलेली थाप मशीन सरळ करून देतं, म्हणून तू ते कायम चालू ठेवतोस. डेट्रॉइटचा हिपहॉप निर्माता जे डिला अनेकदा ते बंद ठेवून बोटांनी ठोके वाजवायचा. त्याचे ठोके किंचित मागेपुढे झुलतात. त्याचं एमपीसी, म्हणजे तुझ्या डबीसारखंच पॅडचं यंत्र, आज वॉशिंग्टनच्या संग्रहालयात जपलेलं आहे. पण तो झुलता ठेका आधी त्याच्या कानात पक्का होता, हे विसरू नकोस. बटण बंद केलं म्हणून कुणी डिला होत नाही, नुसतं बेताल होतं. महिनाभर मेट्रोनोम लावून बस, मग बंद कर.

संबळ-हलगीचे तुकडे इंटरनेटवरून उचलतोस, ते मला पटत नाही. मुंबईच्या ‘स्वदेशी’ या रॅप गटाने ‘द वारली रिव्होल्ट’ हे गाणं केलं तेव्हा आरेतल्या आदिवासी प्रकाश भोईरांनाच सोबत घेतलं, नावासकट. दिवाळीत इकडे ये. आपल्या आळीतल्या हलगीवाल्यांशी बोलून ठेवलंय. चामडं शेकून हलगी कशी चढवतात ते आधी बघ, विचार, मग रेकॉर्डर काढ. आणि त्यांचे पैसे वाजवण्याआधी द्यायचे, नंतर नाही. तुझ्याकडे नसतील तर मी देईन, आईला सांगू नकोस.

तुझा,
मामा