उचल की पगारवाढ?



प्लेसमेंटचे दिवस आले की आपल्या हॉस्टेलवर एकच विषय असतो, पॅकेज! कुणाला किती मिळालं, कुठल्या कंपनीचा बाँड किती वर्षांचा, वगैरे. पण नोकरी लागल्यावर तोच पगार वाढवून कसा मागायचा, हे आठ सेमिस्टरमध्ये आपल्याला कुणीच शिकवत नाही. मला ते पप्पांमुळे कळलं, आणि तेसुद्धा आधी माझी स्वतःची चूक झाल्यावर.

माझे पप्पा शिरोली एमआयडीसीत एका छोट्या मशीनशॉपमध्ये व्हीएमसी चालवतात. सेटिंगही तेच करतात. २०१९ च्या दिवाळीत त्यांचा पगार महिना २०,००० रुपये होता. मालक तसे चांगले आहेत. दर दिवाळीला न मागता ५०० रुपये वाढवतात. अशा सहा दिवाळ्या झाल्या आणि २०२५ च्या दिवाळीत पगार २३,००० झाला. मी सुट्टीत घरी होते. घरात माझ्या फीच्या दुसऱ्या हप्त्याचं बोलणं चाललं होतं. मी म्हटलं, "पप्पा, मालकांकडे पगार वाढवून मागा ना."

"मागाय लाज वाटती गं. त्यांचं त्यांना कळाय पाहिजे की."

यात थोडा आपल्या भाषेचाही दोष आहे असं मला वाटतं. आपण उसने पैसे 'मागतो', भीक 'मागतात' आणि पगारवाढही 'मागायची'. एकच क्रियापद! 'पगार' हा शब्द मात्र पोर्तुगीजांकडून आला, आणि तिकडे त्याचा अर्थ साधा आहे, मोल चुकतं करणं. तिथे हात पसरायचा प्रश्नच नाही.

माझी चूक

मी कॉन्व्हेंटची. दहावीत फॉर्मल लेटरला पैकीच्या पैकी मार्क होते. त्यामुळे बसल्या बैठकीला मालकांना इंग्लिशमध्ये एक पानभर पत्र लिहिलं. मुलीचं कॉलेज, घराचा हप्ता, आईची बीपीची औषधं, सगळं त्यात आलं. पप्पा म्हणाले, "आता मराठीत वाचून दाखव." मी वाचलं. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "हे वाचून मालक मला उचल देतील. पगार न्हाई वाढवणार."

खरं होतं ते. २०२१ मध्ये आजीच्या ऑपरेशनला त्यांनी १५,००० ची उचल मागितली, तेव्हा मालकांनी त्याच दुपारी पैसे हातात ठेवले होते आणि पुढे दहा महिने १,५०० कापून घेतले. गरज सांगितली की उचल मिळते, आणि ती फेडावी लागते. पगार वाढतो तो कामावर. मी पत्र फाडलं आणि आपण लॅबचं जर्नल लिहितो तसा कागद घेऊन बसले. त्यातून जे शिकले ते क्रमाने सांगते.

१. आधी हिशोब स्वतःला पटवा

२०१९ ते २०२५ या काळात भाववाढ सरासरी वर्षाला ५ टक्क्यांच्या आसपास होती. २०,००० ला १.०५ ने सहा वेळा गुणलं की २६,८०२ येतात. म्हणजे पप्पांना काही न वाढता जागच्या जागी उभं राहायलाच २६,८०२ हवे होते. मिळत होते २३,०००. उलट भागलं तर हे २३,००० म्हणजे २०१९ चे साधारण १७,१६०. कागदावर पगार दर दिवाळीला वाढला, आणि प्रत्यक्षात सहा वर्षांत घटला! हा आकडा पाहिल्यावर पप्पांची लाज निम्मी गेली.

सरकारी नोकरीत हे गणित आपोआप होतं. औद्योगिक कामगारांसाठीचा ग्राहक किंमत निर्देशांक दर महिन्याला निघतो (त्याचं पायाभूत वर्ष २०१६ = १००) आणि त्यावरून जानेवारी आणि जुलैपासूनचा महागाई भत्ता ठरतो. किमान वेतनातला विशेष भत्ताही महाराष्ट्रात वर्षातून दोनदा बदलतो. आपल्या मेसमधल्या काकांनी आणि सफाईच्या मावशींनी हे जरूर लक्षात ठेवावं. तो मागायचा नसतो, द्यावाच लागतो. पण किमान वेतनाच्या वर असलेल्या खासगी पगाराला असं आपोआप काही होत नाही. तिथे तोंड उघडावं लागतं.

२. काम मोजा

महागाई हे तुमचं कारण झालं, मालकाचं नाही. त्याला दिसलं पाहिजे ते काम. मी पप्पांना विचारलं, "गेल्या वर्षात तुम्ही वेगळं काय केलं?" "रोजचंच की." बराच वेळ खोदल्यावर कळलं, त्यांनी एका जॉबसाठी स्वतः फिक्स्चर बनवलं होतं. आधी एक जॉब काढून दुसरा लावायला ४ मिनिटं लागायची, आता अडीच लागतात. दिवसाला ६० जॉब, म्हणजे ९० मिनिटं वाचली. २६ दिवसांचे ३९ तास. त्यांच्या शॉपमध्ये मशीनचा दर तासाला ३५० रुपये धरतात. ३९ गुणिले ३५० म्हणजे महिन्याला १३,६५० रुपये. हे त्यांनी कधी कुणाला सांगितलंच नव्हतं!

३. माणूस गेला तर काय खर्च येतो, तेही पाहा

इंडस्ट्रियल इंजिनिअरिंगमधलं एक प्रसिद्ध उदाहरण इथे आठवतं. १९१३ मध्ये फोर्डच्या कारखान्यात चालती असेंब्ली लाइन आली. काम इतकं कंटाळवाणं झालं की माणसं टिकेनात. त्या वर्षी कामगार सोडून जाण्याचं प्रमाण ३७० टक्के होतं, म्हणजे साधारण १०० जागांसाठी वर्षात ३७० माणसं भरायची. जानेवारी १९१४ मध्ये फोर्डने नऊ तासांचे सुमारे २.३४ डॉलर बदलून आठ तासांचे ५ डॉलर जाहीर केले. माणसं टिकू लागली. फोर्ड काही संत नव्हता. त्या ५ डॉलरमधला मोठा भाग नफ्यातला वाटा म्हणून होता आणि तो मिळण्यासाठी कंपनीची माणसं कामगाराच्या घरी येऊन त्याची राहणी तपासत. पण अनुभवी माणूस जाणं महाग पडतं, हे त्याने ओळखलं होतं. 

मात्र "नाहीतर सोडून जातो" असं म्हणू नका. खरंच जायची तयारी असेल तरच म्हणा.

४. आकडा ठरवा, वेळ मागून घ्या

"जरा बघा की साहेब" याला उत्तर "बघू" हेच असतं. पप्पांनी आकडा ठरवला, २८,०००. मशीन बंद पडलेल्या दिवशी किंवा गिऱ्हाईक ऑफिसमध्ये बसलेलं असताना बोलायचं नाही, हेही ठरलं. आदल्या दिवशी नुसतं सांगायचं, "मालक, उद्या चहानंतर पंधरा मिनिटं पाहिजेत. पगाराचं बोलायचं आहे." आणि दुसऱ्या कुणाच्या पगाराचं नाव काढायचं नाही.

५. वाढ कुठल्या रकान्यात येते ते विचारा

हे खास आपल्यासाठी. सीटीसी म्हणजे हातात येणारा पगार नव्हे. कंपनीचा पीएफचा १२ टक्के हिस्सा आणि ग्रॅच्युइटीचे बेसिकच्या ४.८१ टक्के (वर्षाला १५ दिवस, महिना २६ दिवसांचा) बहुतेक वेळा त्यातच धरतात. वाढ नुसती भत्त्यांत दिली तर पीएफ आणि ग्रॅच्युइटी जिथल्या तिथे राहू शकते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेत भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले तर वरचा भाग वेतनातच धरतात. म्हणून स्लिप वाचायला शिका.

मग झालं काय?

कागद मराठीत, पप्पांच्या अक्षरात, एक पान. घरचं एक अक्षर नाही. पप्पा आत गेले तेव्हा म्हणे हात थरथरत होते. मालकांनी कागद दोनदा वाचला आणि एकच प्रश्न विचारला. "वाचलेल्या वेळात मशीन रिकामं उभं असंल तर माझं काय वाचलं?"

मला हा प्रश्न सुचलाच नव्हता! वेळ वाचला तरी त्यात दुसरं काम भरलं तरच पैसे होतात. पप्पांना मात्र रोजचं लोडिंग तोंडपाठ. ते म्हणाले, ३९ पैकी २५ तास दुसऱ्या ऑर्डरने भरतात. २५ गुणिले ३५०, ८,७५० झाले. मालकांनी स्वतःच कॅल्क्युलेटरवर बघितलं आणि ३,००० वाढवले. उरलेल्या दोन हजारांना 'नाही' म्हणाले. तेव्हा पप्पांनी आमचा ठरलेला शेवटचा प्रश्न विचारला, "मग काय केलं तर, आणि कधी?" उत्तर आलं, दुसऱ्या मशीनलाही तसं फिक्स्चर करा, एप्रिलमध्ये बोलू.

पगार २६,००० झाला. माझ्या हिशोबाने पप्पा २०१९ पेक्षा अजूनही ८०२ रुपयांनी मागेच आहेत. मी ते बोलून दाखवलं तर म्हणाले, "आसू दे. पर ह्ये फेडाय लागणार न्हाई." आणि उठून भिंतीवरच्या कॅलेंडरवर एप्रिलच्या पहिल्या तारखेला पेनने गोल केला.

आता आपल्याबद्दल शेवटचं. दोघं एकाच दिवशी नोकरीला लागले, एक २५,००० वर आणि एक २८,००० वर, आणि दोघांनाही दर वर्षी ८ टक्के वाढ मिळाली, तर ३,००० चा फरक नऊ वर्षांत दुप्पट, म्हणजे महिन्याला जवळजवळ ६,००० होतो. न मागितलेला पैसाही चक्रवाढीने वाढतो, फक्त दुसऱ्याच्या खिशात! तेव्हा नोकरीच्या पहिल्या दिवशी एक साधी वही करा. आज काय केलं, किती वेळ वाचला, किती रिजेक्शन कमी झालं, दोन ओळी लिहा. माझ्या पप्पांना ती वही सुरू करायला सहा दिवाळ्या लागल्या.